गार हुतं लई

परवा कँटीनमध्ये पुन्हा तोच विषय निघाला. "पूर्वीचं आयुष्य बरं होतं यार, आता नुसता ईएमआय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण नुकताच सास्तूरला आजीकडे जाऊन आलो होतो.

सास्तूर, धाराशिव जिल्हा. किल्लारीचा भूकंप म्हटलं की लोकांना लातूरच आठवतं, पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला आमचंही गाव पडलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक विसर्जन करून दमून झोपलेले. माझी धाकटी आत्या नऊ वर्षांची होती. ती उठलीच नाही. मी तिला फोटोतही पाहिलेलं नाही. फोटो भिंतीवरच होता ना.

आजीला मात्र ते घर अजून हवं असतं. दोन-अडीच फुटी दगडमातीच्या भिंती, वर माळवद. "ह्या घरात जीव उकडतोय बघ. तिथं गार हुतं लई." आता इंजिनिअर म्हणून (कॉम्प्युटरचा का असेना!) मला दिसतं ते असं, की गारवा ज्या जाडीमुळे होता तिनेच माणसं मारली. मातीत बसवलेले दगड, भिंतीच्या दोन्ही बाजू सांधणारं काही नाही, आणि माळवद गळू नये म्हणून वर्षानुवर्षं चढवलेली माती. एकूण जवळपास दहा हजार माणसं गेली.

पुनर्वसनातली घरं जमिनीच्या हिशेबाने २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांची. रस्ते ऐसपैस. इतके की शेजारणीला हाक पोचत नाही, ही आजीची दुसरी तक्रार. तीही खरीच.

पण १९९३ साली देशात हजारातली ७४ बाळं वर्षाची होण्याआधी जायची, २०२३ मध्ये २५. म्हणजे हजारामागे ४९ जास्त जगतात. मोठी होऊन तीही कुठल्यातरी कँटीनमध्ये ईएमआयला शिव्या देतील. देवोत बापडी!

असो. निघायच्या आदल्या रात्री विचारलं, "आजी, कूलर आणू का?"

"नगं बाबा. मी आत कवा झोपते?"

खरंच की. त्या पहाटेपासून ती अंगणातच झोपते. पाऊस आला तर बाज दारापर्यंत ओढते, त्याच्या आत नाही. मी पक्क्या छताखाली पंखा लावून आडवा झालो. पाच मिनिटांत झोप लागली.