पार्किंगमधला योना

गेल्या दिवाळीत काका नऊ वर्षांनी आमच्या घरी आले. दार मीच उघडलं. पुन्हा लावून घेणार, तेवढ्यात मागून बाबा म्हणाले, "ये रे, आत ये."

नऊ वर्षांपूर्वी याच काकांनी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची सही घेऊन गावची सगळी जमीन स्वतःच्या नावावर केली होती. माझी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली गेली. "देव बघून घेईल," आजी म्हणायची. मला त्याची तारीख हवी होती.

काका कागद घेऊन आले होते. बाबांचा हिस्सा परत करतो म्हणाले, रडले. बाबांनी चहा सांगितला, आईने फराळाचं ताट आणलं. मी चपला सरकवल्या आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बाइकवर बसलो. तिथे मला योना आठवला.

बंगळुरूला माझा रूममेट वसईचा होता. लॉकडाऊनमध्ये त्याच्या शेल्फवरचं मराठी बायबल मी वाचायला घेतलं, ते खरं तर हिशोब चुकता करणाऱ्या देवासाठी. जलप्रलय, सदोमवर पडलेली आग, इजिप्तवरच्या दहा पीडा. पापाला शिक्षा, इनपुटला आउटपुट. मजा येत होती. मग चार छोट्या अध्यायांचं योनाचं पुस्तक लागलं.

योना म्हटलं की सगळ्यांना मासा आठवतो. मला मासा फार महत्त्वाचा वाटत नाही. देव योनाला सांगतो, निनवेला जा, त्यांचं पाप फार झालंय. निनवे म्हणजे अश्शूरी साम्राज्याचं शहर, आजच्या इराकमधल्या मोसुलपाशी. याच अश्शूरांनी इ.स.पू. 722च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य संपवलं. 701मध्ये त्यांनी लाखीश शहर जिंकलं आणि त्याची शिल्पं निनवेच्या राजवाड्यात भिंतभर कोरून घेतली. सुळावर चढवलेली माणसं, कातडी सोलले जाणारे कैदी, बैलगाडीत बसून गाव सोडणारी कुटुंबं. ती शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बहुतेक अभ्यासक योनाचं पुस्तक या सगळ्यानंतरचं मानतात. म्हणजे निनवे हे नाव कानावर पडताच ऐकणाऱ्यांच्या पोटात काय कालवत असेल, याचा अंदाज करा.

योना उलट्या दिशेचं जहाज पकडतो. वादळ, मासा, तीन दिवस, आणि शेवटी निनवे. तिथे त्याचं भाषण मूळ हिब्रूत फक्त पाच शब्दांचं आहे: चाळीस दिवसांत शहर उलथणार. आणि आख्खं शहर बदलतं. राजा राखेत बसतो, गुराढोरांनाही गोणपाट नेसवतात. देव शिक्षा रद्द करतो.

योना भडकतो. म्हणतो, मला माहीतच होतं तू दयाळू आहेस ते, म्हणून तर पळालो होतो! ते वाचून मी पुस्तक मिटून गच्चीवर गेलो होतो. त्याला भीती शिक्षेची नव्हतीच. माफीची होती.

मग तो शहराबाहेर बसून राहतो, अजून काही होतंय का बघत. (मी नऊ वर्षं काकांचं फेसबुक बघत होतो. त्यांना शुगर निघाली तेव्हा मला बरं वाटलं होतं.) देव त्याच्यावर सावलीला एक वेल उगवतो आणि दुसऱ्या दिवशी किडा लावून वाळवतो. वेलीसाठी योना मरायला निघतो. देव विचारतो, एका रात्रीच्या वेलीचं तुला इतकं वाटतं, मग एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं असलेल्या या शहराचं मला वाटू नये? शिवाय एवढी जनावरं? पुस्तक इथेच संपतं. योनाचं उत्तर नाही.

थोडं पुढे नहूमचं पुस्तक आहे. त्यात तेच निनवे पडतंय आणि त्याचा उघड आनंद आहे. तेही प्रश्नावरच संपतं: तुझ्या क्रौर्याचा वार कुणावर झाला नाही? निनवे इ.स.पू. 612 साली खरंच पडलं. बायबल जमवणाऱ्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. माझी सहानुभूती अजूनही बरीचशी नहूमकडे आहे. आईच्या पाटल्या काही सुटल्या नाहीत.

तासाभराने बाबांचा फोन आला. "खालीच आहेस ना? काकाला स्टँडवर सोडून ये."

काका जिना उतरून आले, काही न बोलता मागे बसले. हेल्मेट एकच होतं. ते मी घातलं.