पहिल्या दुरुस्तीला मिळणारे उत्तर

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वितरित करता येते असे सॉफ्टवेअर, परवान्यानुसार सर्वांना खुले असले, तरी ते घडवणारा समूह नवागताला तितकाच खुला असतो असे नाही. विद्यार्थ्यांना मुक्तस्रोत प्रकल्पांत उन्हाळी काम देणाऱ्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ या उपक्रमात २००६ साली ग्नोम या डेस्कटॉप-प्रकल्पाकडे पावणेदोनशेच्या वर अर्ज आले आणि त्यांत स्त्रीचा एकही नव्हता; मात्र केवळ स्त्रियांसाठी तशीच योजना जाहीर होताच सुमारे शंभर अर्ज आले, तेव्हा स्त्रियांना या कामात रसच नाही, हे सोयीचे स्पष्टीकरण निकालात निघाले. मरीना झुराखिन्स्काया यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये ही योजना पुन्हा सुरू झाली आणि पुढे इतर प्रकल्पांतही पसरून ‘आउटरीची’ या नावाने ओळखली जाऊ लागली. निवड होण्यापूर्वीच अर्जदाराने मार्गदर्शकाच्या साहाय्याने एखादी लहान दुरुस्ती करून दाखवावी, हा तिचा नियम सर्वांत दूरदृष्टीचा म्हणावा लागेल, कारण त्यामुळे नवख्याच्या प्राथमिक शंकेला उत्तर देणे हे कोणाच्या तरी नावावरचे काम ठरते.

प्रस्तुत लेखिकेचा अनुभव अशा योजनांबाहेरचा, मराठीकरणाचा आहे. या कामात पडद्यावर दिसणारी वाक्ये ‘पीओ’ नावाच्या मजकूर-फाइलमध्ये मूळ इंग्रजीखाली मराठीत भरली जातात, दुसरा जाणकार ती तपासतो आणि त्यानंतरच ती मुख्य संहितेत जातात. एका प्रकल्पात लेखिकेची फाइल तपासणीविना पडून राहिली, दरम्यान नवी आवृत्ती येऊन मूळ वाक्ये बदलली आणि केलेले बरेचसे काम कालबाह्य झाले. कोणी वाईट बोलले नाही, किंबहुना कोणी काहीच बोलले नाही. दुसऱ्या प्रकल्पात मात्र तपासनिसाने ओळीओळीवर शेरे दिले, जेवढा भाग ठीक होता तेवढा लगेच स्वीकारला आणि उरलेल्यासाठी संघाची परिभाषासूची पाठवली. लेखिका टिकली ती तिथेच.

नवागत टिकावा यासाठी समूहातील वर्तनाचे लिखित नियम, म्हणजे आचारसंहिता, आवश्यकच आहेत. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याचे प्रमुख लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१८ मध्ये आपल्या जहाल ईमेलबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली आणि त्याच सुमारास त्या प्रकल्पाने ‘कॉन्ट्रिब्यूटर कव्हेनंट’ या तयार नमुन्यावर आधारित आचारसंहिता स्वीकारली, हे लहान पाऊल नव्हते. तथापि आचारसंहितेने फक्त अपमान रोखता येतो. मौनाने तिचे कोणतेही कलम मोडत नाही.

पुढे स्वतः लेखिकेकडेच तपासणी आली, तेव्हा या मौनाचे कारण उलगडले. मराठीसारख्या भाषेचा संघ बहुधा दोन-चार स्वयंसेवकांचा असतो, नोकरी आणि घर सांभाळून उरलेल्या वेळात तो चालतो, आणि नवख्याची फाइल समजावून दुरुस्त करून घेण्यापेक्षा ती स्वतःच नव्याने लिहिणे पुष्कळदा लवकर होते. (दुर्लक्ष म्हणून जे दिसते ते अनेकदा निव्वळ थकवा असते, परंतु पलीकडच्या माणसाला हा फरक कळण्याचा मार्ग नसतो.) म्हणून लेखिकेच्या संघाने काही सोपी वाक्ये मुद्दाम न भरता नवागतांसाठी राखून ठेवण्याची प्रथा स्वीकारली. अशाने आवृत्ती अपुरी राहते, हा जुन्या सदस्यांचा आक्षेप रास्त आहे, आणि प्रत्येक आवृत्तीच्या तोंडावर त्यावर नव्याने वाद होतो.