न दिसणारा ताप

गेल्या दत्तजयंतीस मामांच्या जुन्या जीपगाडींतून आम्ही माहूरास गेलों. दत्तशिखराच्या चढावर समोरील कांटा स्वस्थ होता. तरी मामांनीं गाडी थांबविली. तो कांटा केवळ इंजिनाच्या पाण्याची उष्णता सांगतो. शर्यतीच्या मोटारींत गियरपेटी व डिफरन्शियल यांच्या तेलांसही निराळे उष्णतामापक बसवितात. आमच्या गाडींत ते कोठून? मामांनीं मागील आंसावरील डिफरन्शियलच्या पेटीवर थेंबभर पाणी टाकलें. चर्र झालें! म्हणजे ती 100 अंशांच्याही वर तापली होती. चढावर दांत्यांवर भार फार, वेग मंद, म्हणून वारा थोडा. तेल पातळ होऊन दांते झिजतात.

आरती चुकेल म्हणून मी कुरकुरलों. मामा दगडावर बसून राहिले. तासाभरानें पेटीस हात लावून म्हणाले, "चल बाळ, आतां सोसवतें."

आरती संपली होती.