जवळचे गाव

नांदेडहून अमृतसर सरळ रेषेत सुमारे १४०० किलोमीटर. रेल्वेने ते २००० हून अधिक भरते. सचखंड एक्सप्रेसला जवळजवळ दीड दिवस लागतो. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी नांदेडला देह ठेवला आणि ही दोन शहरे कायमची जोडली गेली. २०१७ च्या डिसेंबरात त्यांच्यामध्ये थेट विमान सुरू झाले, ते या नात्यापोटीच.

धाकटा भाऊ तेव्हा अमृतसरला नोकरीस होता. २०१८ च्या उन्हाळ्यात लातूरला वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. दैवयोगाने त्या दिवशी विमान होते. "थांब, बरोबरच जाऊ," असे तो म्हणाला आणि मी नांदेडला थांबलो. तीन तासांच्या आत तो उतरला. लातूरलाही विमानतळ आहे; पण आमच्यासाठी पुढची वाट रस्त्याचीच होती. लोहा, अहमदपूर, चाकूर अशा सुमारे १४० किलोमीटरना साडेतीन तास लागले. चाकूर मागे पडत असतानाच बहिणीचा फोन आला. वडील गेले होते.

वडील अंतर कधी किलोमीटरमध्ये विचारत नसत, "किती तासांची वाट?" एवढेच विचारत. त्या हिशेबाने भाऊ दूर नव्हताच. सकाळीच निघालो असतो तर मी त्यांच्या उशाशी असतो. पण खरा विलंब त्या सकाळचाही नव्हे. दिवाळीनंतर मी एकदाही गेलो नव्हतो. लातूर काय, केव्हाही जाता येईल, असे म्हणत राहिलो होतो.