शाखेच्या नावाआडचं काम

सीईटीचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत एकच यादी म्हटली जाते : आधी कॉम्प्युटर, ते नाही मिळालं तर आयटी, मग ईएनटीसी, मग मेकॅनिकल, आणि काहीच हाती लागलं नाही तर सिव्हिल. कॅप राउंडचा पर्याय अर्ज बहुधा याच क्रमाने भरला जातो. मुलगा अबोल असो की बोलका, मुलगी एकाच गणिताशी तासन्‌तास झुंजणारी असो की दर घटकेला काही नवं हवं असणारी, यादीचा क्रम बदलत नाही. तो ठरतो गेल्या वर्षीच्या कटऑफवरून, म्हणजे इतरांच्या मुलांनी काय मागितलं यावरून. अभियांत्रिकी शिकवणारा आणि अभियंत्यांची कामं जवळून पाहणारा माणूस म्हणून माझे या यादीवर दोन आक्षेप आहेत. पहिला नेहमी घेतला जातो : तिच्यात मुलांच्या कलाला जागा नाही. दुसरा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मुलांचा कल आवर्जून पाहणारे पालकदेखील शाखेच्या नावापाशी थांबतात. ‘याला गाड्यांचं वेड आहे, मेकॅनिकलला घालू’, ‘ही दिवसभर लॅपटॉपवर असते, कॉम्प्युटरच बरं’, इतक्यावर निर्णय होतो. माझं म्हणणं असं की स्वभाव जुळायला हवा तो कामाच्या प्रकाराशी, आणि कामाचे प्रकार शाखांच्या भिंती मानत नाहीत.

एकाच शाखेत पुढे काय काय करावं लागतं ते पाहू. सिव्हिलची पदवी घेतलेला एक जण स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात दिवसभर संगणकासमोर बसून तुळया-खांबांवरचे भार तपासतो. दुसरा साइटवर सकाळी सातला हजर असतो. सळई वेळेवर आली का, सेंट्रिंग पक्कं आहे का, मुकादमाकडे माणसं किती, हे पाहता पाहता त्याचा दिवस जातो. तिसरी बिलिंग पाहते, मोजमाप पुस्तकातली नोंद आणि ठेकेदाराचा दावा यांचा मेळ घालते. मेकॅनिकलमध्येही डिझाइन, प्रॉडक्शन, क्वालिटी, मेंटेनन्स आणि सेल्स ही पाच वेगळी आयुष्यं आहेत. आता शाखांच्या आरपार पाहा. कारखान्यात मशिन बंद पडल्यावर रात्री धावत जाणारा मेंटेनन्स इंजिनीअर आणि सर्व्हर बसल्यावर रात्री लॅपटॉप उघडणारा सॉफ्टवेअर इंजिनीअर यांच्या पदव्या वेगळ्या, पण कामाला लागणारा स्वभाव एकच : दडपणाखाली डोकं शांत ठेवायचं, अपुऱ्या माहितीवरून दोष हुडकायचा, आधी गाडं सुरू करायचं आणि कारणमीमांसा सकाळी करायची. या दोघांमधलं साम्य त्यांच्या आपापल्या वर्गमित्रांशी असलेल्या साम्यापेक्षा जास्त आहे.

मग कामाची जात ओळखायची कशी? मला त्यासाठी चार प्रश्न पुरेसे वाटतात. पहिला : केलेलं बरोबर की चूक, याचं उत्तर किती वेळाने मिळतं? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ते बहुतेकदा काही सेकंदांत मिळतं. कोड चालवला, एरर आली, सुधारला, पुन्हा चालवला. काँक्रीटचं उत्तर असं मिळत नाही. स्लॅब भरताना त्याच मालातून १५० मिलिमीटरचे चौकोनी ठोकळे भरून घेतात, दुसऱ्या दिवशी साचा सोडवून ते पाण्यात ठेवतात आणि काही ठोकळे सातव्या, काही अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. सातव्या दिवशी साधारण दोन तृतीयांश ताकद दिसते. खरा निकाल २८ दिवसांनी लागतो आणि तोवर इमारत वर चढलेली असते. म्हणून साइटवरच्या माणसाला निकालाआधीच खात्री कमवावी लागते : पाणी किती घातलं, व्हायब्रेटर नीट फिरला का, क्युरिंगचं पाणी रोज मारलं जातंय का. पुलाचा आराखडा करणारा तर शंभर वर्षांचं आयुष्य गृहीत धरून काम करतो. त्याच्या कामाची शेवटची परीक्षा त्याच्या हयातीत होत नाही. चटकन उत्तर मिळालं की ज्याला हुरूप येतो आणि ज्याला उशिराच्या उत्तराची वाट पाहत शिस्त पाळता येते, ते दोघे सारखेच हुशार असतील, पण एकमेकांच्या जागी दोघेही कोमेजतील.

दुसरा प्रश्न : चूक मागे घेता येते का? सॉफ्टवेअरमध्ये बहुधा येते; जुनी आवृत्ती परत चढवता येते. कोयना प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये लेक टॅपिंग झालं, तेव्हा जलाशयाच्या तळाखालून बोगदा आणून वर खडकाचा शेवटचा थर शिल्लक ठेवला होता आणि तो सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतलं. धरण रिकामं न करता करायच्या या कामाला प्रत्यक्ष जागेवर रंगीत तालीम नसते. अशा कामाला शंकेखोर, दहादा तपासणारी, ‘नसेल जमत तर आज नको’ असं वरिष्ठांना ठामपणे सांगणारी माणसं लागतात. याउलट नवं उत्पादन घडवताना भराभर प्रयोग करून टाकाऊ कल्पना फेकून देणारी माणसं हवी असतात. तिसरा प्रश्न : कामाचा मोठा भाग वस्तूंशी आहे की माणसांशी? आणि चौथा : काम डोळ्यांना दिसणारं आहे की मनात उभं करावं लागणारं? २५ मिलिमीटरच्या बोअरला एच-७ टॉलरन्स दिला असेल तर तो २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान बसायला हवा. तिथे गेज हातात असतं, जॉब समोर असतो. सिग्नल, विद्युतप्रवाह किंवा डेटाबेसची रचना मात्र कुणी हातात घेऊन पाहू शकत नाही. एखाद्याला त्या अमूर्तातच रस वाटतो, तर एखाद्याला वस्तू हातात आल्याखेरीज चैन पडत नाही.

कामाचे प्रकार शाखांच्या भिंती मानत नाहीत, या म्हणण्याला आपल्या मातीतला भक्कम पुरावा आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १८८३ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून सिव्हिलची परीक्षा दिली. तेच पुढचं सीओईपी. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीवर चढलं की उघडत आणि उतरलं की मिटत. हे काम खरं तर यंत्ररचनेचं. दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी मांडलेली ब्लॉक पद्धत म्हणजे जमिनीचे गट पाडून पिकांची आणि पाण्याची आखणी. त्यात गणितापेक्षा शेतकऱ्यांशी बोलणं आणि कारभार बसवणं जास्त. पदवी एकच, कामं दोन वेगळ्या जातींची, आणि दोन्हींत समान धागा एकच : हाताशी असलेलं पाणी वाया जाऊ न देणारी व्यवस्थेची नजर. दुसरं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकताना त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत असं लक्षात आलं. चित्रकाराची वाट बंद झाली, पण रेषेवरचा हात आणि आकाराची जाण शाबूत होती. ती यांत्रिक रेखाटनात उपयोगी पडली, व्हीजेटीआयमध्ये ते तो विषय शिकवू लागले, आणि पुढे त्यांनी लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी उभी केली. ‘कला’ किंवा ‘अभियांत्रिकी’ या पाटीवर त्यांचा निर्णय झाला असता तर पहिल्याच अडचणीला सगळं संपलं असतं.

इथे एक फरक नीट केला पाहिजे. स्वभाव आणि कौशल्य या दोन गोष्टी आपण एकाच दमात बोलतो, पण निर्णयात त्यांचं वजन सारखं नाही. कौशल्य शिकता येतं, आणि वाटतं त्याहून लवकर. अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्रिमितीय कल्पनाशक्तीचा एक अभ्यासक्रम चालवला. वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत कमी गुण पडलेल्यांना हातातल्या ठोकळ्यांवरून रेखाटनं काढायला लावली. त्यांची ही क्षमता सुधारली, ग्राफिक्समधले गुण वाढले आणि अभियांत्रिकी सोडून जाण्याचं प्रमाण घटलं. त्याचा मोठा लाभ मुलींना झाला, कारण त्या चाचणीत मागे पडणाऱ्यांत त्यांचं प्रमाण जास्त होतं. ‘मुलींना ड्रॉइंग जमत नाही, मेकॅनिकल नको’ असं आजही म्हणणाऱ्यांनी हा पुरावा पाहावा. जे आज जमत नाही ते सरावाने जमेल, म्हणून त्या भीतीने वाट सोडू नये. उलट अनोळखी माणसांशी दिवसभर बोलून थकवा येतो की उभारी, एकच काम महिनाभर करताना मन रमतं की उबगतं, हे सहजी बदलत नाही. म्हणून निवड करताना स्वभावाला पहिला मान द्यावा. कौशल्याची कमतरता अभ्यासक्रमाच्या अंगावर टाकावी.

यावर पहिला आक्षेप असा येईल की सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा स्वभाव काय कळणार? आणि कळत नसेल तर कलचाचणी घ्यावी, ती सांगेल. चाचण्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांची झेप ओळखून. व्यवसाय आणि व्यक्तिमत्त्व यांच्या मेळाची सर्वांत वापरली गेलेली मांडणी जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९५९ची. वस्तूंत रमणारे, शोधक, कलावृत्तीचे, लोकांत रमणारे, उद्यमी आणि नेटके असे सहा कल त्याने मानले. अभियंते मुख्यतः पहिल्या दोहोंत धरले जातात. पुढच्या संशोधनात असं दिसलं की या मेळाचा आणि नोकरीतल्या समाधानाचा संबंध आहे, पण माफक आहे. माझ्या मते त्याचं एक कारण असं की ‘अभियंता’ हा शब्दच फार मोठा आहे. सेल्स इंजिनीअर उद्यमी, क्वालिटीवाला नेटका, संशोधन करणारा शोधक, आणि तिघांच्या दारावरची पाटी एक. त्यामुळे चाचणीचा निकाल शाखा ठरवण्यासाठी वापरला तर तो दिशाभूल करील. कोणत्या प्रकारचं काम आधी पाहून यावं, एवढं सुचवण्यासाठी वापरला तर कामाचा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. शैक्षणिक कर्ज काढलेल्या, पहिलीच पिढी कॉलेजात पाठवणाऱ्या घराला ‘स्वभाव पाहा’ असं सांगणं ही चैन वाटू शकते. पगाराचा विचार करू नका, असं मी कधीच म्हणणार नाही. पण आजचा पगार पाहून घेतलेली जागा चार वर्षांनी बाजारात उतरते. २००१ आणि २००८च्या मंदीने आणि आता कोड लिहिणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेने एकच दाखवलं आहे : चार वर्षांत मागणीचा रोख बदलतो. शिवाय मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या वर्षानुवर्षं मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही कॅम्पसमधून घेत आल्या आहेत. म्हणजे जिच्या नावावर आपण बाजी लावतो ती शाखा पगाराचीही हमी देत नाही. ज्याची हमी जास्त, तो मनाविरुद्धच्या निवडीचा खर्च : एटीकेटी, वाया गेलेलं वर्ष, आणि पदवी हातात असूनही मुलाखतीत आपल्याच विषयावर दोन वाक्यं न बोलता येणं. कर्ज डोक्यावर असलेल्या घराला हा खर्च सर्वांत महाग पडतो. म्हणून विचारपूर्वक निवडीची गरज गरीब घराला अधिक आहे.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा : गोडी कामातून लागते, आधी नसते. सुझान हिडी आणि अॅन रेनिंजर यांनी २००६ मध्ये मांडलं की क्षणिक कुतूहलापासून टिकाऊ आवडीपर्यंत रुची टप्प्याटप्प्याने वाढते आणि तिला अनुभवाचं, आधाराचं खतपाणी लागतं. मला हे पूर्ण मान्य आहे आणि माझ्या म्हणण्याला ते पूरकच वाटतं. रुची अनुभवातून वाढत असेल तर अनुभव निवडीच्या आधी यायला हवा, आणि निवड एका अर्जात संपायला नको. पहिल्या वर्षाचं वर्कशॉप घ्या. लोखंडी पट्टीची कड कानशीने घासायची, गुण्या लावून उजेडाकडे धरायची, फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायची. बहुतेक मुलं हा जॉब सबमिशनपुरता उरकतात, कधी विकतही आणतात. पण त्या रेघेसाठी पुन्हा कानस उचलावीशी वाटते का, याचं उत्तर कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा खरं असतं. ग्राफिक्स, वर्कशॉप, प्रोग्रॅमिंग आणि मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे विषय म्हणजे स्वतःला पारखण्याची आयती सोय आहे. त्यानंतरही वाटा उरतात : अनेक महाविद्यालयांत गुणवत्तेवर शाखाबदल होतो, एआयसीटीईच्या चौकटीत १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून दुसऱ्या शाखेतली मायनर पदवी घेता येते, आणि दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेली मुलं काम हाताळून मग थेट दुसऱ्या वर्षाला येतात. पॉलिटेक्निककडे कमीपणाने पाहणाऱ्या पालकांनी ही शेवटची वाट पुन्हा तपासावी.

राहिला प्रश्न पर्सेंटाइलचा : हवं ते मिळणारच नसेल तर निवडीची चर्चा कशाला? शाखेचं नाव हेच ध्येय असेल तर हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे, कारण नावाच्या जागा मोजक्या आहेत. कामाची जात हे ध्येय असेल तर वाटा वाढतात. जिला दोष हुडकायला आवडतं तिला ते इलेक्ट्रिकलच्या सबस्टेशनमध्ये, इन्स्ट्रुमेंटेशनच्या कंट्रोल रूममध्ये आणि सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्येही मिळेल. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी घरातल्यांनी दोन कामं करावीत. ओळखीतल्या, शेजारच्या, गावातल्या अभियंत्याला ‘तुमची शाखा कोणती’ याऐवजी ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत’ असं विचारावं, आणि जमल्यास त्या जागी अर्धा दिवस मुलाला उभं करावं. मग वरचे चार प्रश्न मुलालाच विचारावेत आणि त्याचं उत्तर आपल्या यादीपेक्षा वेगळं आलं तरी ऐकून घ्यावं. महाविद्यालयांनीही प्रवेशाच्या वेळी प्लेसमेंटचे आकडे दाखवतात तसं आपले माजी विद्यार्थी रोज नेमकं काय करतात हे मांडावं. मनासारखं काम करणारा अभियंता पूल, पंप किंवा प्रोग्रॅम अधिक काळजीने बनवतो, आणि त्या काळजीवर आपल्या सगळ्यांची सुरक्षितता अवलंबून आहे. ही निवड घरापुरती वाटली तरी तिचा परिणाम समाजावर होतो, म्हणूनच ती कटऑफच्या यादीवर सोडून देऊ नये.