कान्हेरीचा काळोख आणि कॅमेऱ्याची चकती

बोरीवली स्टेशनवर पूर्वेच्या बाजूला उतरा. रिक्षांचे भोंगे, भाजीवाल्यांची गर्दी, बसच्या रांगा! पण दहा-पंधरा मिनिटं चाललात की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार येतं आणि आवाज हळूहळू मागे राहतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत, बिबटे आहेत, आणि दारापासून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या बेसॉल्ट खडकात खोदलेली शंभराहून जास्त लेणी! कामाला सुरुवात झाली साधारण दोन हजार वर्षांपूर्वी, आणि ते पुढे कित्येक शतकं चालूच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात आमची पाचवीची सहल तिथे गेली. शाळेचा एक डिजिटल कॅमेरा बरोबर होता. त्याच्या डोक्यावर एक गोल चकती असते, पाहिलीय ना? तिच्यावर 'ऑटो' असं लिहिलेलं असतं, आणि बहुतेकांची चकती जन्मभर तिथेच राहते. मी मुलांना सांगितलं, "लेण्यांपर्यंत ऑटो चालेल. तिथे पोचलं की चकती फिरवायची."

"पण बाई, का? ऑटोमध्ये फोटो येतोच की!"

का, ते लवकरच कळलं. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे तिथलं मोठं चैत्यगृह. त्याच्या वऱ्हांड्यात दोन्ही टोकांना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत. आमच्या वर्गातला एक मुलगा तिथे बाहेरच्या उजेडाकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या मित्राने बटण दाबलं. फोटोत मागची झाडं सुरेख आली, आणि मुलाच्या जागी नुसती काळी सावली! चेहरा नाही, डोळे नाहीत, काही नाही.

"बाई, यात मी नाहीच!" तो रडवेला झाला. हा फोटो त्याला गावी आजीला पाठवायचा होता.

कॅमेरा काही बिघडला नव्हता, बरं का. कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजणारा मापक असतो. आपण मुलगा बघतो, आजी नातू बघेल. मापकाला मात्र फक्त उजेड दिसतो. चौकटीत जे असेल त्याची सरासरी काढायची आणि सगळं मध्यम करड्या रंगाइतपत आणायचं, एवढंच साधारणपणे त्याला ठाऊक. मागे लख्ख ऊन होतं, म्हणून त्याने उजेड कमी केला आणि मुलगा काळोखात गेला. नव्या कॅमेऱ्यांना आणि मोबाइलना चेहरा ओळखता येतो, पण असं ऊन पाठीशी असलं की तेही पुष्कळदा गोंधळतात.

यावर उपाय असतो एका छोट्या बटणावर. त्यावर अधिक आणि उणे अशी चिन्हं असतात. चकती 'पी' या अक्षरावर आणली की ते वापरता येतं. अधिक एक म्हणजे उजेड दुप्पट, उणे एक म्हणजे निम्मा. मुलांनी अधिक एक करून पाहिलं, मग दीड. आणि चेहरा उजळला! पुढचे दोन पडलेले दातसुद्धा दिसू लागले. मागची झाडं मात्र पांढरीफटक झाली.

"दोन्ही नाही का येणार?" एकीने विचारलं.

नेहमी नाही येत. झाडं हवीत की मित्र, हे आपणच ठरवायचं. मुलांनी एका आवाजात मित्र निवडला.

मग आम्ही चैत्यगृहात शिरलो. सुमारे २६ मीटर लांब दालन, ३४ खांब, आणि टोकाला स्तूप. आत गारवा आणि काळोख. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चार-पाच मीटरपर्यंत कसाबसा पोचतो. स्तूप बिचारा लांब अंधारातच राहतो. इथे उजेड गोळा करण्याच्या तीन युक्त्या शिकाव्या लागतात. आपल्या उपनगरातल्या मुलांना त्या चटकन समजतील, कारण सकाळचं पाणी भरायची सवय आपल्याला आहेच!

नळ किती उघडला, ते झालं ॲपर्चर. किती वेळ उघडा ठेवला, तो शटरचा वेग. आणि नळाखाली हंडा ठेवला की तांब्या, ते आयएसओ. आयएसओ १०० म्हणजे मोठा हंडा. भरायला खूप उजेड लागतो. १६०० म्हणजे तांब्या. सोळा पट कमी उजेडात भरतो. मात्र फुकट काहीच मिळत नाही हं! आयएसओ फार वाढवला की फोटो रव्यासारखा दाणेदार दिसतो.

ॲपर्चरचे आकडे उलटे वाटतात. एफ ४ चं भोक मोठं आणि एफ ८ चं लहान. असं का? तर ते अपूर्णांकाचे छेद आहेत. अर्धी भाकरी मोठी की चतकोर? मग एक चतुर्थांश मोठा आणि एक अष्टमांश लहान, हे पाचवीतलं कुणीही सांगेल. भोक मोठं ठेवलं की उजेड जास्त येतो आणि मागचं दृश्य धूसर होतं. लहान ठेवलं की जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट दिसतं, पण उजेड कमी.

शटरचं तसंच. सेकंदाच्या साठाव्या भागाहून जास्त वेळ ते उघडं राहिलं की हाताच्या थरथरीने फोटो हलू शकतो. तिपाई लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मग आम्ही एक दप्तर जमिनीवर ठेवलं (कोरीव कामाला टेकायचं नाही, हा पहिला नियम!), त्यावर कॅमेरा, आणि दोन सेकंदांचा टायमर. एफ ४, आयएसओ ४००, वेळ पाव सेकंद. सगळ्यांनी श्वास रोखून धरला, जणू तेच हलणार होते! खटक्! पडद्यावर खांबांची रांग आणि तिच्या टोकाला स्तूप शांतपणे उभा होता.

ज्यांनी ही लेणी वसवली तेही पाणी भरणारेच होते, बरं का! कान्हेरीत जागोजागी खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्या आहेत. त्यांना 'पोढी' म्हणतात. पावसाचं पाणी पन्हळींतून त्यांत उतरतं. अशाच एका पोढीच्या शिलालेखात लिहिलंय की ती कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दान दिली. कल्याण म्हणजे आपलं लोकलचं कल्याणच! इथल्या लेखांत सोपाऱ्याचंही नाव येतं, म्हणजे आताचं नालासोपारा. इतक्या शतकांपूर्वी लोक तिथून कान्हेरीला येत होते.

ही अक्षरं ब्राह्मी लिपीतली, आणि खोदाई उथळ. एका मुलीने ऑटोवर एका लेखाचा फोटो घेतला. फ्लॅश आपोआप उडाला आणि अक्षरं पार गायब! नुसता सपाट करडा दगड. समोरून उजेड मारला की अक्षरांच्या खाचांमध्ये सावली उरत नाही, आणि सावली नाही तर अक्षर नाही. तिने फ्लॅश बंद केला आणि ऊन बाजूने तिरपं येत होतं तिथला लेख शोधला. उणे बटण थोडं दाबलं, कारण काळा दगड काळाच दिसायला हवा; मापक त्याला उगाच करडा करतो. आता एकेक खाच सावलीने भरली आणि ओळ उमटली. तिला ब्राह्मी वाचता येत नव्हती. पण वहीत तिने ती अक्षरं फोटोवरून जशीच्या तशी उतरवून घेतली.

याला महत्त्व आहे, मुलांनो. दर पावसाळ्यात दगड थोडा झिजतो. हात लावला तर आणखी झिजतो. फोटोने मात्र दगडाचा एक कणही जात नाही. मुंबईत फोटोग्राफीची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळचे नावाजलेले छायाचित्रकार होते, आणि स्वतः भाऊ दाजींनी लेण्यांतले शिलालेख वाचण्याचं मोठं काम केलं. आजचा नीट काढलेला फोटो उद्याच्या अभ्यासकाला उपयोगी पडू शकतो.

आणि बिबट्या? मुंबईचे छायाचित्रकार नयन खानोलकर यांच्या फोटोला २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या लंडनच्या स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. या जंगलाच्या कडेच्या वस्तीतून रात्री जाणारा बिबट्या त्यांनी टिपला. गल्लीतल्या नेहमीच्या उजेडासारखाच भासेल असा फ्लॅश त्यांनी लावला, बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये म्हणून कॅमेऱ्याची जागा ठरवली, आणि चार महिने वाट पाहिली. बिबट्या येण्याआधीच सगळं ठरलेलं होतं! (तुम्ही मात्र रात्री तिकडे फिरकायचं नाही.)

कॅमेरा नसला तरी अडत नाही. बाबांच्या किंवा आईच्या मोबाइलमध्ये बहुधा 'प्रो' नावाचा पर्याय असतो. तिथे शटर आणि आयएसओचे आकडे सापडतील. अंधेरीच्या मुलांना महाकाली लेणी जवळ आहेत. मुलुंड-घाटकोपरच्या मुलांनी हिवाळ्यात ठाणे खाडीकाठी मोठ्यांबरोबर जाऊन रोहित पक्षी टिपावेत. एकच वस्तू घ्या, एकच आकडा बदला आणि वहीत लिहून ठेवा. पावसाळ्यात कान्हेरीचे ओहोळ वाहू लागले की सेकंदाच्या हजाराव्या भागात थेंब गोठवून पाहा, आणि मग पाव सेकंदात तेच पाणी मलमलीसारखं करून पाहा. उद्यान सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

शेवटी एक गणित. याच जंगलात कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. २०१६ मध्ये फुलली, २०२४ मध्ये फुलली. मग पुढचा जांभळा बहर कधी, आणि तेव्हा तुम्ही कितवीत असाल? तोवर सरावाला भरपूर वेळ आहे!