यंत्रांशी ऋणानुबंध

मनुष्य आणि यंत्र यांचा पुढेमागे संयोग होणार, अशी भाकिते करणारे विद्वान त्या घटनेला एक मुहूर्त कल्पितात. अमुक एका वर्षी अमुक शक्तीचा संगणक जन्मास येईल आणि त्या दिवसापासून मनुष्यजातीचे नवे पर्व सुरू होईल, असा त्यांच्या मांडणीचा रोख असतो. १९८०च्या आगेमागे जन्मलेल्या आम्हां लोकांच्या आयुष्यात असा मुहूर्त कधी आलाच नाही. यंत्र आमच्या बरोबरीने वाढले, आमच्या शाळेत आले, मग घरात, मग खिशात; आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या छातीत जाऊन बसले तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले की ज्याची लोक वाट पाहत आहेत ते आपल्या घरी केव्हाच नांदू लागले आहे.

१९८४ साली केंद्र सरकारने निवडक शाळांना संगणक पुरविण्याची जी योजना आखली, तिच्यातून बीबीसी नावाचे विलायती संगणक दूरदूरच्या गावी जाऊन पोचले, आणि आमच्या शाळेच्या वाट्यालाही ते आले. त्या खोलीत पादत्राणे घालून जाण्यास मनाई होती. आठवड्यातून एकदा, तीन-तीन मुलांच्या गटाने, हात स्वच्छ धुऊन आम्ही त्या हिरवट अक्षरांपुढे बसत असू; आणि बेसिक भाषेतली एक ओळ लिहिली असता आपलेच नाव पडद्यावर वरपासून खालपर्यंत उमटत जाते, हे प्रथम पाहिले तेव्हा मला जो आनंद झाला त्याची जात अजून मला नीटशी ठरविता आलेली नाही. आपण एखाद्या वस्तूला काही सांगावे आणि तिने ते ऐकावे, हा अनुभव तोवर फक्त जनावरांच्या बाबतीत आलेला होता. आम्ही मॅट्रिकच्या वाटेवर असताना, १९९१ साली, पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला; १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य नागरिकांस खुले केले. आमची उंची वाढायची थांबली, यंत्रांची वाढ मात्र थांबली नाही.

माझे आजोबा महसूल खात्यात कारकून होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे सारे पाढे त्यांच्या जिभेवर असत, आणि जमिनीच्या आकारणीचा हिशेब ते बोटही न हालविता, डोळे किंचित मिटून सांगत. मला दिडकीच्या पुढे मजल मारता आली नाही. माझ्या मुलाला तिचे नावही ठाऊक नाही. नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक, गावोगावचे रस्ते, मित्रांच्या वाढदिवसांच्या तिथी, असे एकेक प्रकरण आम्ही यंत्राच्या हवाली करीत गेलो, आणि प्रत्येक वेळी कबुलीजबाब न देता, कसलाही दस्त न करता. यात निव्वळ ऱ्हासच झाला, असे मला म्हणवत नाही. आजोबांच्या आजोबांनीही मोडी लिपीतल्या चोपड्यांत आपली देणीघेणी टिपून ठेवून मेंदूला तेवढा मोकळा केलाच होता. परंतु चोपडी देवघराशेजारच्या फडताळात असे, तिची किल्ली आजीच्या कनवटीला असे. आपल्या स्मरणाचे दप्तर आज कोणत्या मुलुखात आहे आणि त्याची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, याचे उत्तर मला देता येत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून सलते.

हाताचेही तसेच झाले. जुन्या खरेदीखतांवर ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असा मजकूर असे. तो अंगठा कारकुनासमक्ष, साक्षीदारांसमक्ष उमटत असे. २०१०च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी देशातले पहिले आधार क्रमांक देण्यात आले आणि अंगठ्याची ओळख यंत्राच्या स्वाधीन झाली. आता रेशनच्या दुकानी ज्या म्हातारीची बोटे जन्मभर खुरपणी करून, भांडी घासून गुळगुळीत झाली, तिला ‘आजी, अंगठा लागत नाही’ असे ऐकावे लागते. ज्या कष्टांनी तिची ओळख घडली त्यांनीच ती पुसावी, आणि तिला जन्मभर ओळखणाऱ्या दुकानदाराच्या साक्षीला यंत्रापुढे काही मोल नसावे, हे मी पाहिले आहे. यंत्रावरच्या माझ्या प्रीतीला त्या ठिकाणी हद्द पडते.

तरीही ती प्रीती आहे, आणि तिचे कारण माझी आत्या. तिच्या हृदयाचे ठोके मंदावत मंदावत ती एकदा स्वयंपाकघरात कोसळली, आणि तिच्या गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसविण्यात आला. दर सहा महिन्यांनी तिला तपासणीस नेण्याचे काम माझ्याकडे असे. डॉक्टर तिच्या छातीवर एक चपटे उपकरण ठेवीत, आणि त्वचेला यत्किंचितही धक्का न लागता आतले यंत्र आपला वृत्तांत बाहेर सांगू लागे. किती ठोके हृदयाने आपले आपण दिले, किती यंत्राने द्यावे लागले, बॅटरी अजून किती वर्षे पुरेल. ‘आजी, शंभरातले साठ ठोके आता यंत्राचे आहेत,’ असे डॉक्टर एकदा म्हणाले. आत्याने विचारले, ‘आणि चाळीस माझे ना, डॉक्टरसाहेब?’ त्यांनी होय म्हटले, तेव्हा तिने पदर सारखा केला आणि ‘पुष्कळ झाले’ एवढेच म्हणाली.

या यंत्राचा जन्मवृत्तांत मी पुढे वाचला आणि तो मला वारंवार आठवतो. १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन नावाचा ४३ वर्षांचा एक गृहस्थ अखेरच्या घटका मोजीत होता. दिवसातून वीस-वीस, तीस-तीस वेळा त्याचे हृदय थांबे आणि त्याला पुन्हा शुद्धीवर आणावे लागे. त्याच्या पत्नीने कोठूनसे ऐकले की शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट हे दोघे शरीरात बसविता येईल असे हृदयप्रेरक यंत्र तयार करण्याच्या खटपटीत आहेत. तेव्हा ती त्यांच्याकडे गेली, आणि माणसावर वापरण्याजोगे यंत्र अजून सिद्ध नाही असे त्यांनी सांगितल्यावरही तिने त्यांचा पिच्छा सोडला नाही. एल्मक्विस्टने दोन ट्रान्झिस्टर आणि बाहेरून भारित करता येईल अशी एक चिमुकली बॅटरी घेऊन, बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून तिच्यात राळ ओतून ते यंत्र घडविले, आणि ८ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, रुग्णालयात वर्दळ नसताना, सेनिंगने ते लार्सनच्या उदरात बसविले. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. दुसरे तयार होतेच, ते बसविले गेले. तेही फार टिकले नाही. पण लार्सन जगला, आणि यंत्रामागून यंत्र बदलीत, एका जन्मात वीसहून अधिक यंत्रांचा सहवास घेत २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगला. एल्मक्विस्ट त्याच्या आधी गेला, सेनिंगही त्याच्या आधी गेला.

अंतराळात तगून राहण्यासाठी मनुष्यदेह आणि यंत्र यांची सांगड घालावी अशी कल्पना मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोन शास्त्रज्ञांनी मांडली आणि त्या भावी प्राण्याला सायबॉर्ग असे नाव दिले, ते १९६० साली. त्या वेळी तसा एक मनुष्य स्वीडनमध्ये प्रत्यक्ष हिंडत-फिरत होता आणि त्याला अंतराळात कोठेही जायचे नव्हते. संध्याकाळी घरी पोचणे एवढीच त्याची आकांक्षा होती. या संयोगाच्या मुळाशी महत्त्वाकांक्षेपेक्षा एका पत्नीची भीती आणि तिचा हट्ट अधिक आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

कानाची हकीकतही याच गोत्रातली आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात औषधांचे दुकान चालविणाऱ्या एका बहिऱ्या गृहस्थाचा मुलगा, ग्रेम क्लार्क, आपल्या वडिलांना गिऱ्हाइकांपुढे पदोपदी अवघडताना पाहत वाढला, आणि पुढे कर्णरोगांचा वैद्य झाला. बहिऱ्यांना ऐकू यावे असे यंत्र घडविताना, अंतःकर्णातल्या शंखाच्या वेटोळ्यात विजेच्या तारांचा जुडगा इजा न करता कसा सरकवावा, हे कोडे त्याला समुद्रकिनारी उलगडले. वाळूतला एक शंख हाती घेऊन त्याने त्यात गवताची पाती सरकवून पाहिली, तेव्हा टोकाशी लवचीक आणि बुडाशी ताठ असलेले पाते अलगद आतपर्यंत वळत गेले. १ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्न येथे त्याने पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली. निसर्गाने जेथे पंधरा हजारांच्या आसपास केशपेशींची योजना केली आहे, तेथे या यंत्राची बावीस विद्युत्‌अग्रे काम करतात.

आमच्या शेजारच्या एका मुलीला दोन वर्षांची असताना असे यंत्र बसले. जखम भरून आल्यावर ते प्रथम सुरू केले, तेव्हा ती दचकून रडू लागली. आवाज म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हते. त्यानंतरची दोन वर्षे तिच्या आईने जे केले ते मी भिंतीपलीकडून ऐकले आहे. ‘पाऊस आला’, ‘दूध उतू गेले’, ‘बाबा आले’, ही वाक्ये ती माउली दिवसातून शेकडो वेळा, तोच सूर राखून, न कंटाळता म्हणत असे. आणि एके दिवशी बावीस अग्रांतून आत शिरलेल्या त्या विद्युत्स्पंदांतून ‘पाउच आला’ असे बोबडे उत्तर उमटले. यंत्राने तिला स्पंद दिले. त्यांत मराठी ओतली ती तिच्या आईने. डिजिटल तंत्राबरोबर वाढणे म्हणजे काय, हे जर मला कोणी विचारले तर मी माझ्या शाळेतल्या संगणकाकडे बोट न दाखविता या मुलीकडे दाखवीन.

म्हणूनच मला वाटते की यंत्राशी म्हणून आपला जो संयोग होतो तो वस्तुतः ते घडविणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, त्याची निगा राखणाऱ्या अगणित अपरिचित माणसांशी होत असतो. लार्सन जगला तो एका यंत्राच्या बळावर जगला नाही. त्रेचाळीस वर्षे कोणी ना कोणी पुढचे यंत्र तयार ठेवले, म्हणून जगला. ही साखळी कोठे तुटली तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. अमेरिकेतल्या सेकंड साइट या कंपनीने अंधांसाठी ‘आर्गस दोन’ नावाचे नेत्रपटलावर बसणारे यंत्र काढले. जगभर साडेतीनशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांत ते बसले, आणि काळोखात वर्षे काढलेल्यांना दाराची चौकट, रस्त्यावरचा पांढरा पट्टा दिसू लागला. मग ते फायद्याचे ठरेना. कंपनीने त्याचे उत्पादन थांबविले, २०२० साली बहुतेक नोकरवर्गाला निरोप दिला, आणि ज्यांच्या डोळ्यांत ते यंत्र होते त्यांना बिघाड झाल्यास दाद मागायला ठिकाण उरले नाही. जमिनीच्या भाषेत बोलायचे तर यंत्राचा कब्जा रोग्याच्या देहात, पण वहिवाटीचा हक्क मात्र कंपनीच्या दप्तरी, अशी ही अवस्था आहे. एखाद्याचे घर जप्त करायचे तरी नोटीस बजावावी लागते, मुदत द्यावी लागते. मग डोळा विझताना इतकाही रिवाज का नसावा? जी वस्तू शरीरात शिरते तिचे आराखडे, तिच्या दुरुस्तीचे ज्ञान कंपनी बुडाल्यास सरकारजमा होऊन सर्वांना खुले व्हावे, असा कायदा प्रत्येक देशाने करावा. याहून निकडीचा कायदा या विषयात मला दुसरा दिसत नाही.

आत्या गेली तेव्हा तिला पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत नेण्याआधी डॉक्टरांनी तिचा पेसमेकर काढून घेतला. बंदिस्त बॅटरी अग्नीत फुटते, म्हणून तसे करावे लागते. माझ्या हातावर त्यांनी ती चपटी, गुळगुळीत, धातूची डबी ठेवली. तिच्यातली बॅटरी अद्याप पुष्कळ शिल्लक होती. अशा शिल्लक आयुष्याचे पुढे काय होते याचा शोध घेताना एक अभ्यास माझ्या वाचनात आला. अमेरिकेत मृतांच्या शरीरातून काढलेला पेसमेकर दुसऱ्या माणसाला बसविण्यास मनाई आहे; तेथे तो एकदाच वापरण्याची वस्तू गणला जातो. परंतु तेथील काही मृतांच्या आप्तांनी संमती दिली, काही डॉक्टरांनी बॅटरी पुष्कळ उरलेली यंत्रे निवडून ती मुंबईस आणविली, आणि निर्जंतुक करून होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रोग्यांना बसविली. २०११ साली या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. परमुलखातल्या, परधर्मातल्या, नावही ठाऊक नसलेल्या कोणा मृताच्या छातीत जे चालत होते ते मुंबईतल्या कोणा बाईच्या छातीत चालू लागले. त्या रोग्यांपैकी काही पुरुष मजुरीवर परतले, आणि पुष्कळशा बायका पुन्हा आपापल्या घरचे काम करू लागल्या, असे त्यात नमूद आहे.